विषाणू तेवढाच, दाह मात्र नाही

सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस वैद्यकीय विद्यालयात लिन्फा वांग यांच्या गटाने माणसाच्या, उंदराच्या आणि वटवाघळाच्या प्रतिकारपेशींना विषाणूंची लागण करवली. त्यांत इन्फ्लुएन्झाचा विषाणू होता, मर्स आजाराचा करोना विषाणूही होता. माणसाच्या आणि उंदराच्या पेशींत दाह पेटवणारी रसायनं भराभर तयार झाली, वटवाघळाच्या पेशींत फारच थोडी. त्या पेशींनी विषाणूला वाढूच दिलं नसेल, असं कोणालाही वाटेल. पण मोजलं तेव्हा विषाणू काही कमी झालेला नव्हता. २०१९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला या विषयाचा गाभा वाटतो.

करोनाच्या साथीपासून ‘वटवाघळांची प्रतिकारशक्ती जबरदस्त असते’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे, की ते पुरतं खरंच वाटू लागलंय. त्यातलं निम्मंच खरं आहे. आपल्याकडे अनेक आजारांत विषाणूपेक्षा आपलीच प्रतिकारयंत्रणा जास्त नुकसान करते. ती भडकते आणि फुप्फुसं सुजतात. वटवाघळं इथेच वेगळी ठरतात: त्यांना लढता येतं आणि आवरही घालता येतो.

हे कळायला बराच काळ गेला, कारण वटवाघूळ हा प्रयोगशाळेचा प्राणी नव्हे. उंदरासाठी बाजारात हजारो तयार प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते ओळखून देणारे रेणू, मिळतात. त्यातली बरीचशी वटवाघळाच्या प्रथिनांना चिकटतच नाहीत. त्यात मोठ्या फळभक्षी वटवाघळांची मादी वर्षाला साधारण एकच पिल्लू देते. म्हणून आधी हत्यारं घडवावी लागली. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या प्रयोगशाळेत काळ्या फळभक्षी वटवाघळाच्या मूत्रपिंडापासून वर्षानुवर्षं वाढवता येतील अशा पेशी तयार झाल्या. सिंगापूरमध्ये गुहेत राहून फुलांतला मध पिणाऱ्या वटवाघळांची वसाहतच पाळली गेली.

‘स्टिंग’ नावाच्या प्रथिनाची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. पेशीचा डीएनए केंद्रकात असायला हवा. तो बाहेरच्या द्रवात सापडला, म्हणजे बहुधा विषाणू आत शिरला. ही खबर स्टिंगमार्फत पुढे जाते आणि इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन तयार होतं. २०१८ मध्ये वुहानच्या विषाणू संस्थेतल्या गटाने दाखवलं, की इतर सस्तन प्राण्यांत स्टिंगच्या ३५८व्या जागी असणारं सेरीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) वटवाघळांत बदललेलं आहे. ३० जाती तपासल्या, सगळ्यांत तेच. मग त्यांनी वटवाघळाच्या स्टिंगमध्ये सेरीन परत बसवलं, आणि मंदावलेला इंटरफेरॉनचा प्रतिसाद पुन्हा जोरात आला!

इतक्या महत्त्वाच्या सूचनेचा आवाज उत्क्रांतीने का कमी केला असेल? अनेक संशोधक उड्डाणाकडे बोट दाखवतात. उडताना चयापचय प्रचंड वाढतो, डीएनए तुटतो, त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर येतात. प्रत्येक तुकड्यावर यंत्रणा खवळली, तर रोज रात्री उडणारा प्राणी दाहानेच मरेल. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं असलं तरी अजून गृहीतकच आहे.

आवर घालण्याची ही क्षमता दुसऱ्या प्राण्यात नेता येते का? २०२३ मध्ये वांग यांच्या गटाने एएससी२ हे दाह दाबणारं प्रथिन शोधलं. वटवाघळाचं हे जनुक उंदरांत घातल्यावर त्यांच्यातला दाह घटला आणि इन्फ्लुएन्झाने मरणारे उंदीर कमी झाले. हे प्रथिन माणसातही आहे, फक्त त्याचा जोर कमी. फरक मुख्यतः चार अमिनो आम्लांचा! दाहाच्या आजारांवर नवी औषधं शोधणाऱ्यांसाठी ही फार मोलाची खूण आहे.

तरीही वटवाघूळ अजिंक्य नाही. रेबीजने ती मरतात. २००६ पासून उत्तर अमेरिकेत पसरलेल्या ‘व्हाइट नोज’ या बुरशीच्या आजाराने लाखो वटवाघळं संपवली.

आपल्या जवळचंही उदाहरण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली, तेव्हा काहींमध्ये निपा विषाणूविरोधी प्रतिपिंडं आढळली. म्हणजे त्यांच्या शरीराची त्या विषाणूशी गाठ पडून गेली होती. ही बातमी वाचून गुहा बुजवण्याची, झाडं तोडण्याची भाषा सुरू होते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियात वटवाघळांकडून घोड्यांत जाणाऱ्या हेंड्रा विषाणूवर झालेल्या दीर्घ अभ्यासात नेमकं उलट दिसलं: हिवाळ्यात फुलणारी जंगलं तुटली, वटवाघळं उपाशी पडून घोड्यांच्या कुरणांजवळ आली आणि घोड्यांना लागण होऊ लागली. ज्या हिवाळ्यांत निलगिरीला भरभरून फुलं आली, तेव्हा ती थांबली.

प्रयोगशाळेतल्या वटवाघळांना खाणं वेळेवर मिळतं. उपासमारीत त्यांचा हा तोल कितपत टिकतो, हे तपासायला रानातल्या वटवाघळांच्या रक्ताचे नमुने हवेत, ऋतूमागून ऋतू घेतलेले.