बेने इस्राएल समाजाचे सण

बेने इस्राएल हा कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेला मराठीभाषक यहुदी समाज. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, असे हा समाज परंपरेने सांगतो. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावे त्यांच्या गावांवरून पडली. तेलाचा घाणा हा मुख्य धंदा होता आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद असे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दीर्घकाळ या समाजाजवळ ना धर्मग्रंथ होते, ना रब्बी म्हणजे धर्मगुरू, ना प्रार्थनामंदिर. तरीही वर्षाचे सण चुकले नाहीत. ते घराने आणि स्वयंपाकघराने सांभाळले. या परंपरेचे खरे मोल इथे आहे.

जुन्या सणांची सविस्तर नोंद हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. यहुदी नववर्ष, म्हणजे रोश हशाना, हा ‘नव्याचा सण’. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ‘खिरीचा सण’ येई. नव्या धान्याची खीर नारळाच्या दुधात शिजवायची, ऊद जाळायचा आणि ‘शेमा’ म्हणून ती खायची. ईश्वर एकच आहे असे सांगणारी ही ‘शेमा’ हिब्रू विसरलेल्या पिढ्यांनाही तोंडपाठ होती. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ‘दारफळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी पांढरी वस्त्रे घालून, कडकडीत उपास धरून माणसे दार लावून घरातच राहत आणि बाहेरच्यांशी संपर्क टाळत. दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळ्या सणा’ला दानधर्म आणि भेटीगाठी होत.

पुरिम, म्हणजे प्राचीन इराणातल्या यहुदींच्या सुटकेचा सण, होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. त्याला पुरणपोळी होते. पेसाह हा इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. त्याचे जुने नाव ‘अनाशी ढाकाचा सण’. आंबट पदार्थ साठवायचे भांडे त्या काळात झाकून ठेवत. या सणाला खजुराचा दाट पाक, म्हणजे शिरा, लागतो. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या दिवशी झाला त्याचा शोक म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. त्याला वालाचे बिरडे आणि भात. उपासाला ‘रोजा’ आणि नववर्षापूर्वीच्या उपासांच्या महिन्याला ‘रमजान’ म्हणण्यात कोकणी मुसलमान शेजाऱ्यांचा सहवास दिसतो. प्रार्थनामंदिरालाही हे लोक ‘मशीद’च म्हणत आले आहेत.

या यादीत हनुक्का हा दिव्यांचा सण नव्हता. जेरुसलेमचे मंदिर परत मिळवल्याच्या ज्या विजयाची आठवण म्हणून हनुक्का साजरा होतो तो इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला. पूर्वज त्याआधीच मायदेशातून निघाले असणार, असे अनुमान काही अभ्यासकांनी काढले. मात्र ग्रंथ हरवलेल्या समाजाच्या विस्मरणाला असा पुरावा मानणे धाडसाचे आहे.

मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले आणि इतर यहुदी समाजांचे विधी हळूहळू रुळू लागले. कोचीनचे यहुदी शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांमुळे हिब्रू शिकता आले आणि बायबल मराठीत वाचायला मिळाले. पेसाहच्या रात्री वाचायची ‘हगादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये छापली गेली. पुण्याच्या प्रतीत पेसाहची बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. पुढे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही झाली. हनुक्का, शावुओत (कापणीचा सण), सुक्कोत (मांडवांचा सण) हे सण यानंतरच्या काळात सर्वत्र पाळले जाऊ लागले. नवे आले म्हणून जुने टाकून दिले नाही: नववर्षाला आजही गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटला जातो. आणि शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुका भिजवून काढलेले सरबत चालते.

सर्वात वेगळा विधी एलियाहू हनाबीचा, म्हणजे बायबलमधल्या प्रेषित एलियाचा. अलिबागजवळ खंडाळे इथल्या एका खडकावरच्या खुणा एलियाच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या मानल्या जातात. तिथूनच तो स्वर्गात गेला, अशी श्रद्धा. यहुदी पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्याचा ‘उरूस’ असतो. तेव्हा मलिदा करतात. पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा घालतात, ताट भरतात आणि सभोवती फळे मांडतात. मग एलियाची स्तुती गायची, झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीतल्या पिकाला वेगळा, सुगंधी वनस्पतीला वेगळा असे आशीर्वाद म्हणायचे आणि सर्वांना वाटायचे. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात पाऊल ठेवतानाही मलिदा होतो. जगातल्या इतर यहुदी समाजांत हा विधी नाही.

1948 नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथल्या प्रमुख रब्बींनी त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतल्याने विवाहांत अडचणी आल्या. निदर्शनांनंतर 1964 मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण यहुदी मानणारा ठराव केला. मलिदा तिकडेही गेला. खंडाळ्याच्या खडकाऐवजी हैफा इथल्या एलियाच्या गुहेपाशी तो वाटला जातो. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज समाजाची वस्ती मुख्यतः मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहे. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. अलिबाग, पेण, रेवदंडा इथे प्रार्थनामंदिरे उभी आहेत, पण कुटुंबे मोजकीच उरल्याने सणाला ही संख्या भरण्यासाठी पुष्कळदा मुंबई-ठाण्याच्या मंडळींवर अवलंबून राहावे लागते.