पॅनोरमात कठडा का तुटतो?

दोनशे मेगापिक्सेलचा फोन असला की सांगलीचा अख्खा कृष्णाकाठ एका क्लिकमध्ये बारकाव्यांसकट टिपता येतो, असा समज जाहिरातींनी पसरवला आहे. प्रकाशाचं गणित वेगळं सांगतं. अशा सेन्सरवरचा एकेक पिक्सेल जेमतेम ०.६ मायक्रॉन रुंद असतो. एफ/१.७ ची लेन्स कितीही निर्दोष असली तरी विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, एका बिंदूतून आलेला हिरवा प्रकाश सेन्सरवर सुमारे २.३ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो. एकच ठिपका जवळजवळ चार पिक्सेल रुंदी व्यापतो. पिक्सेल वीस कोटी मोजून भरतात, तपशील तेवढा भरत नाही.

तपशील हवा असेल तर लांब फोकल लेंग्थची, म्हणजे दूरचं मोठं दाखवणारी, लेन्स लावून काठाचे तुकडे टिपायचे आणि ते जोडायचे. असं जोडलेलं रुंद चित्र म्हणजे पॅनोरमा. हा मार्ग फार जुना आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराचा ओहायो नदीकाठ चार्ल्स फॉन्टेन आणि विल्यम पोर्टर यांनी १८४८ मध्ये पलीकडच्या तीरावरून आठ डगेरोटाइप पत्र्यांवर, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर, टिपला. त्या पत्र्यांना आज सूक्ष्मदर्शक लावला तर मनोऱ्यावरच्या घड्याळात किती वाजलेत तेही कळतं.

सांगलीसाठी जागा सांगलीवाडीच्या तीरावर शोधावी. शहर कृष्णेच्या पूर्वेला आहे, त्यामुळे दुपार कलली की सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि घाटाच्या पायऱ्या, देवळांचे कळस, १९२९ चा आयर्विन पूल उजेडात न्हातात. सकाळी हेच सगळं प्रकाशाच्या आड काळं पडतं. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून ८५ मिमीची लेन्स लावली तर एका फ्रेममध्ये आडवे १६ अंश मावतात. शेजारच्या फ्रेमा एकमेकींवर तीस टक्के चढायला हव्यात, म्हणून दर ११ अंशांवर एक क्लिक. १२० अंशांचा काठ ११ फ्रेमांत बसतो. जोडलेलं चित्र साधारण २९,७०० पिक्सेल रुंद आणि कडा कापूनही १७ कोटी पिक्सेलच्या आसपास भरतं. त्यात २०० मीटरवरचा एक पिक्सेल म्हणजे १.४ सेंमी. दुकानाच्या पाटीवरचं १५ सेंमी उंच अक्षर दहा पिक्सेलांत येतं आणि वाचता येतं.

आता कठड्याकडे वळू. दूरचं शहर नीट जुळतं आणि पुढ्यातला कठडा मात्र जोडावर तुटतो, ही तक्रार सगळेच करतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात. नाकासमोर बोट धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहा. मागच्या भिंतीवर बोट जागा बदलतं, कारण पाहण्याची जागा बदलली. कॅमेऱ्यातही हेच घडतं. लेन्सच्या समोरून आत डोकावलं की एक लहान गोल छिद्र दिसतं, ती अपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, प्रतिमा. कॅमेरा जग पाहतो ते त्या जागेवरून. पण ट्रायपॉडचा स्क्रू असतो बॉडीखाली, त्या जागेच्या बराच मागे. हे अंतर ८ सेंमी धरू. कॅमेरा ११ अंश वळवला की पाहण्याची जागा दीड सेंटिमीटर बाजूला सरकते. दोन मीटरवरच्या कठड्यासाठी दीड सेंटिमीटर म्हणजे दूरच्या इमारतींच्या तुलनेत शंभरावर पिक्सेलांची चूक. कुठलंही सॉफ्टवेअर ती भरून काढू शकत नाही, कारण एका फ्रेममध्ये कठड्याआड लपलेली पायरी दुसऱ्या फ्रेममध्ये उघडी पडलेली असते. दोन्ही फ्रेमा आपापल्या जागी खऱ्या असतात. हीच चूक २०० मीटरवर एका पिक्सेलवर येते. म्हणून पुढ्यात काहीच नसेल तर हातात धरून काढलेला पॅनोरमाही जुळतो.

उपाय म्हणजे कॅमेरा नोडल रेलवर, म्हणजे सरकत्या धातूच्या पट्टीवर, मागे घ्यायचा. इतका की ते छिद्र फिरण्याच्या आसावर येईल. जागा सापडवायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. तो एक मीटरवर टांगा आणि त्याच्या बरोबर मागे दूरचा मोबाइल टॉवर येईल असा कॅमेरा लावा. समोरून पाहून लेन्सचा मध्य आसाच्या बरोबर वर असल्याची खात्री करा. मग स्क्रीनवर झूम करून कॅमेरा उजवीकडे वळवा. दोरी टॉवरच्या डावीकडे सरकली तर कॅमेरा मागे घ्या, उजवीकडे सरकली तर पुढे. उजव्या आणि डाव्या, दोन्ही वळणांना दोरी टॉवरवरून हलली नाही की रेलवर खूण करा. झूम लेन्स असेल तर प्रत्येक फोकल लेंग्थची खूण वेगळी येते. फोकस बदलला तरी ती थोडी सरकते, म्हणून खूण घाटावर वापरायच्या फोकसवरच करावी.

बाकीचं थोडक्यात. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही मॅन्युअल. आयएसओ १००, एफ/८. एफ/२२ वर छिद्र फार लहान होतं आणि विवर्तन पुन्हा तपशील खातं. ट्रायपॉडचं डोकं पाणसळीत नसेल तर पाण्याची रेघ लाटेसारखी वरखाली होते. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, काढून ठेवा: आकाशाचं ध्रुवण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतं, त्यामुळे रुंद चित्रात आकाशाचा एक पट्टा गडद निघतो. पाण्यावरच्या लाटा दोन फ्रेमांत कधीच जुळत नाहीत. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावून दहा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं की पाणी एकसारखं होतं आणि जोड दिसत नाही, पण नावा आणि झाडं हलतात. म्हणून काठासाठी जलद आणि पाण्यासाठी संथ, अशा दोन फेऱ्या काढाव्यात. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेली हवा थरथरते आणि लेन्स कितीही महाग असली तरी खिडकीचे गज विरघळतात. पावसाळा सरल्यावरची धुतलेली हवा उत्तम.

जोडणीच्या चुकांना चमत्कार मानणारेही आहेत. फोनच्या पॅनोरमात घाटावर शिर नसलेलं धड किंवा एकच माणूस दोनदा दिसला की तो फोटो अमावास्येच्या नावाने पुढे पाठवला जातो. फोन वळताना अरुंद पट्ट्या टिपून चिकटवतो. तेवढ्यात माणूस चालला की तो एका पट्टीत अर्धा आणि दुसरीत पूर्ण येतो. सरळ पूल धनुष्यासारखा वाकलेला दिसतो तो दंडगोलाकार प्रक्षेपणामुळे, म्हणजे दृश्य नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर मांडून ती भिंत सपाट उलगडल्यामुळे: पूल दोन्ही बाजूंना आपल्यापासून लांब जातो तसा त्याचा नजरेतला कोन कमी होतो. ह्युगिन हे मोफत सॉफ्टवेअर प्रक्षेपण बदलू देतं. सपाट प्रक्षेपणात पूल सरळ होतो, पण १०० अंशांपुढे कडेच्या इमारती ताणल्या जातात.

या चित्रांचा खरा उपयोग मोजमापाला आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहते आणि पुढच्या पावसात धुऊन जाते. पाणी उतरल्या आठवड्यातच त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून पॅनोरमा काढला आणि एका भिंतीशी पाच मीटरची मोजपट्टी उभी धरली, तर तेवढ्याच अंतरावरच्या भिंतींवरची रेघ दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजता येते. अंतर वेगळं असेल तर पट्टी त्या भिंतीशीही धरावी लागते. मूळ फाइल १६ बिटच्या टिफमध्ये ठेवावी. ती एक जीबीच्या पुढे जाते, पण जेपेग फाइल लहान करण्यासाठी चित्र दाबतं, त्या दाबाने कडांभोवती जो गोंधळ उठतो, त्यात गाळाची फिकट रेघ हरवते.