गोणी उचलणाऱ्यानं वेगळा व्यायाम का करावा?

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात दिवसभर गोण्या उचलणाऱ्या माणसाला ‘व्यायाम करता का?’ असं विचारून बघा. ‘दिवसभर दुसरं काय करतो मग?’ हेच उत्तर येईल. सातपूर-अंबडच्या कारखान्यात उभ्यानं पाळी काढणारा कामगार हेच म्हणेल आणि दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबणारी बाईही. घाम तोच, धाप तीच, मग वेगळा व्यायाम हवा कशाला?

शरीर मात्र या दोन्हींत फरक करतं. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं आणि अकाली मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, तर कामावर जड कष्ट करणाऱ्यांमध्ये ते जास्त दिसलं. त्यामागच्या कारणांवर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. पण ‘कष्ट केले की शरीर आपोआप कमावलं जातं’ हा आपला समज त्यानंतर तसाच ठेवता येत नाही.

असं का होतं, ते बागेत उभं राहिलं की कळतं. ऑक्टोबरच्या छाटणीत बाई मांडवाखाली उभी असते. मान मागे टाकलेली, दोन्ही हात खांद्याच्या वर, उजव्या मुठीत कात्री. प्रत्येक काडीला मूठ एकदा आवळते आणि असं दिवसभर चालतं. खांद्याचे छोटे स्नायू हात वर तोलून धरण्यातच अडकलेले असतात. ते सतत आकसलेले राहिल्यानं त्यांना रक्तपुरवठा पुरेसा होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम, तेच स्नायू. पाठीचे, नितंबांचे मोठे स्नायू मात्र त्या दिवसांत जवळजवळ बिनकामाचे असतात. म्हणजे एका जागी झीज आणि दुसऱ्या जागी दुर्लक्ष. शिवाय स्नायू बळकट होतो तो ताण संपल्यावर, विश्रांतीत. जिथे विश्रांतीच मिळत नाही, तिथे थकवा तेवढा साठत जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करायच्या खटपटीत होते. हलकं वजन आणि भरपूर वेळा, अशी तेव्हाची रीत होती. त्यांनी ती उलटी केली. वजन जड दिलं, थोड्याच वेळा उचलायला लावलं आणि ते टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली आणि आजचं ताकदीचं प्रशिक्षण त्याच तत्त्वावर उभं आहे. आपल्या कामांकडे या नजरेनं पाहा: तेच वजन, शेकडो वेळा, वर्षानुवर्षं. त्यानं दमसास आणि सवय येते. ताकद सुरुवातीचे काही महिने वाढते आणि मग तिथेच थांबते. पुढे वय वाढत जातं, चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात, आणि गोणी मात्र ५० किलोचीच राहते.

माझ्या मते ताकद वाढवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. समजा, तुम्ही जोर लावून जास्तीत जास्त ६० किलो उचलू शकता. मग ५० किलोची गोणी म्हणजे तुमच्या ताकदीच्या ८३ टक्के. प्रत्येक खेप जवळजवळ शेवटच्या टोकाची. तीच मर्यादा ८० किलोवर गेली, तर तीच गोणी ६२ टक्क्यांवर येते. हातात शिल्लक राहते, आणि पाय घसरला किंवा गोणी कलली तर सावरायला तीच कामी येते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. वजन उचलण्याबाबत अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचं १९९१ चं सूत्र आहे. त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलो हीच मर्यादा धरली आहे. आपली कांद्याची गोणी त्याच्या दुपटीहून जास्त भरते. टोमॅटोची २० किलोची जाळी त्यात जेमतेम बसते, तीही अंगाजवळ धरून, फार न वाकता उचलली तरच. म्हणून व्यायाम सुरू केला की हातगाडी, ट्रॉली किंवा छोटी गोणी मागायची गरज संपली, असं कुणी समजू नये आणि मालकानं तर मुळीच नाही.

सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा तास पुरे. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. एक दिवस सुटीचा घ्या, दुसरा आठवड्यातल्या हलक्या कामाचा. जिमची फी भरायची गरज नाही. झाकणाचा, मुठीचा पाण्याचा कॅन घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन लिटरालिटरानं मोजून वाढवता येतं.

सगळ्यात आधी कमरेतून वाकायला शिका. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा, पाठ सरळ ठेवा आणि नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. मग जोर नितंबांत आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला लावून सरळ व्हा. हे जमलं की हातात कॅन घ्या आणि तो मांडीला घासत खाली-वर न्या. अंतराचा हिशोब साधा आहे. २० किलोचं वजन कमरेपासून २० सेंटिमीटरवर असताना मणक्यावर त्याचा जेवढा पीळ पडतो, त्याच्या अडीचपट ५० सेंटिमीटरवर पडतो. कंबर धरण्याचं एक मोठं कारण इथेच आहे.

त्याला जोडून बैठका काढा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात करा. मग एक हात खाटेवर टेकून दुसऱ्या हातानं कॅन कमरेपर्यंत ओढा. खांद्यामागचे स्नायू यानं बळकट होतात, म्हणून छाटणी करणाऱ्यांनी हा चुकवू नये. शेवटी जोर, आधी भिंतीला, मग ओट्याला, मग जमिनीवर. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा आणि असे दोन फेरे. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं, असं वाटत असतानाच थांबा. दोन्ही फेऱ्यांत बारा वेळा सहज व्हायला लागलं की कॅनमध्ये एक-दोन लिटर पाणी वाढवा.

पहिल्या महिन्यात दंड फुगलेले दिसणार नाहीत, पण वजन हलकं वाटायला लागेल. सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू स्नायूंचे जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायूंची जाडी नंतर वाढते आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या त्याहून सावकाश पक्क्या होतात. म्हणून अंगात जोर आल्यासारखा वाटला तरी वजनात एकदम उडी मारू नये. दोन-तीन दिवस अंग दुखणं स्वाभाविक आहे. पण पायात खाली उतरणारी कळ, मुंग्या, जांघेत आलेला फुगवटा किंवा छातीत दुखणं, यापैकी काही असलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी. उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब झरकन वर जातो, तेव्हा वर येताना श्वास सोडा. ज्यांना रक्तदाब आहे, त्यांनी आधी तो तपासून घ्यावा.

आहाराबाबत एवढंच, की चहा-पावावर स्नायू बनत नाहीत. ६० किलोच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. व्यायाम करणाऱ्यानं ७० ग्रॅमच्या पुढे जावं. मटकीची उसळ, शेंगदाणे, हरभरे, दूध, अंडी यांतून एवढी प्रथिनं मिळतात, फक्त ती दिवसाच्या प्रत्येक जेवणात हवीत.

आणि कामाचा हंगाम अंगावर आला की व्यायाम पूर्ण सोडू नका. आठवड्यातून एकदा, वजन तेच ठेवून फेरा एकच करा. कमावलेली ताकद तेवढ्यावर काही महिने टिकते. तोही बंद पडला, तर पुन्हा सुरू करताना कॅनमधलं चार-पाच लिटर पाणी कमी करा आणि दोन आठवड्यांत सावकाश जुन्या वजनावर या.