लॅमिनेट जाड म्हणजे टिकाऊ?

जमिनीवर १२ मिमीच्या लॅमिनेटच्या फळ्या टाकल्या की आयुष्यभर बघायला नको, हा समज काही केल्या जात नाही. जाडी असते ती एचडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या गाभ्याची. तिच्यामुळे पायाखाली भरीव लागतं, चालण्याचा आवाज कमी होतो. बस्स! झीज सोसतो तो वरचा पारदर्शक थर. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. त्याची प्रत खोक्यावर एसी १, एसी २ अशी चढत्या क्रमाने छापलेली असते. घरातल्या नेहमीच्या वावराला एसी ३ पुरतं, मग फळी ८ मिमीची का असेना.

उलट, जाडजूड फळी भिंतीला घट्ट भिडवली, कडेने ८-१० मिमी फट सोडली नाही, तर दमट हवेत ती फुगून मध्येच उचलली जाते. फट दिसेल म्हणून बसवणारे कंजुषी करतात; ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जातेच की!