सौंदर्याचा मेंदूतला पत्ता : एका वादाची पार्श्वभूमी

कलेतल्या सौंदर्याचा माग मेंदूत काढणारी शाखा विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस उभी राहिली. ती सौंदर्य मोजते की नुसती पसंती, हा तिच्याभोवतीचा वाद. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मूळच्या तमिळ मज्जाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत कलेचे आठ नियम मांडले. त्यातला सर्वांत गाजला तो अतिशयोक्तीचा. चौरस सोडून आयत निवडायला शिकवलेल्या उंदरापुढे आणखी लांबट आयत ठेवला, तर तो शिकवलेला आयत टाकून त्या लांबट आयताकडे वळतो. चोळकालीन पार्वतीच्या कांस्यमूर्तीतली बारीक कंबर आणि भरदार नितंब याच तत्त्वावर मोहात पाडतात, असा दावा होता. कल्पना चतुर होती, पण अशा मूर्ती वस्त्रालंकारांनी झाकून मिरवणुकीत नेल्या जात. भक्ताला दिसणारी पार्वती या नियमात बसवता येत नाही.

तत्त्वज्ञानातला जुना धागा वेगळा आहे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखापासून सुटल्याशिवाय रसास्वाद होत नाही, हे साधारणीकरणाचे सूत्र हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बारकाईने चर्चिले गेले. जर्मन परंपरेत १७९० मध्ये निकष ठरला तो असा, की सौंदर्याचा आनंद निरिच्छ असतो, त्यात वस्तू हवीशी वाटण्याचा भाग नसतो. मराठीत १९५०च्या दशकात वाद पेटला तो कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा आधार म्हणून मांडलेल्या संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांवरून.

खरी अडचण २००४ मध्ये उभी राहिली. लंडनच्या प्रयोगशाळेने दहा जणांना आधी चित्रांना गुण द्यायला लावले, मग ती चित्रे एमआरआय यंत्रात पडल्या पडल्या पुन्हा दाखवली. कुठले चित्र सुंदर, हे ज्याचे त्याने ठरवायचे. हा निर्णय मला धाडसाचा वाटतो, कारण त्यामुळे अभिरुचीचा मक्ता तज्ज्ञांकडे राहिला नाही. ‘सुंदर’ ठरलेल्या चित्रांच्या वेळी कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या अंगाचा भाग अधिक सक्रिय दिसला. २०११ मध्ये २१ जणांवरच्या प्रयोगात चित्र आणि संगीत या दोन्हींसाठी तोच भाग पुढे आला आणि सौंदर्याची व्याख्याच मेंदूच्या आधारे करण्याचा प्रस्ताव आला.

पण हाच भाग गोडधोड खाताना आणि पैसे मिळतानाही जागा होतो. मग मोजले ते सौंदर्य की नुसती पसंती? निरिच्छ आनंदाचा निकष मानणाऱ्याला हे पटणे अवघड. त्या भागाची हालचाल दिसली म्हणजे सौंदर्यानुभव आलाच, असे उलट्या बाजूने म्हणता येत नाही. शिवाय ‘सुंदर–कुरूप’ अशा एकाच पट्टीवर करुण आणि बीभत्स ठेवायचे कुठे? ज्यांच्याकडे रसविचाराचा वारसा आहे, त्यांनी हा प्रश्न जोराने विचारायला हवा होता.

तो प्रश्न न्यूयॉर्कच्या एका गटाने २०१२ मध्ये वेगळ्या वाटेने सोडवला. त्यांनी १६ जणांना १०९ चित्रे दाखवली आणि सौंदर्याऐवजी ‘हे तुम्हाला किती भिडते?’ असे विचारले. चित्र विचित्र किंवा कुरूप असले तरी चालेल, हेही आधीच सांगितले. उत्तरे एक ते चार या श्रेणीत द्यायची होती. आवडीनिवडी कमालीच्या वेगळ्या निघाल्या, एकाला भिडलेले दुसऱ्याला कोरडे वाटले. आपण स्वतःच्या विचारांत हरवतो तेव्हा कामात असलेले एक जाळे मेंदूत असते. बाहेरचे काही निरखताना ते सहसा मंदावते. एक, दोन आणि तीन गुणांच्या चित्रांना ते तसेच मंदावले, चार गुणांच्या चित्रांना मात्र नाही. म्हणजे ही पायरी हळूहळू चढत गेलेली नव्हती, शेवटच्या गुणावर एकदम उडी होती. साध्या आवडीच्या मोजमापात अशी उडी अपेक्षित नसते, म्हणून या प्रयोगाला मी आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त वजन देतो.

२०१९ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन चित्रे, वास्तू आणि निसर्गदृश्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा आकर्षणाची जी खूण या जाळ्यात सापडली ती तिन्ही प्रकारांत सारखी निघाली. मात्र ही खूण सौंदर्याची की नुसत्या पसंतीची, हा २००४ च्या प्रयोगावरचा आक्षेप अजून मिटलेला नाही.