सूज उतरते, ती ‘आपोआप’ नाही

नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत. आता गुलाबाची जागा बरीचशी द्राक्षाने घेतली आहे, तरी गुलाबाचा काटा बोटात मोडला की पुढे काय होतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत बोट लाल होतं, गरम लागतं, रात्री ठणकतं. दुसऱ्या दिवशी टम्म सुजतं, कधी पू धरतो. मग चार-सहा दिवसांत सूज उतरते आणि आपण म्हणतो, "उतरली आपोआप." हा ‘आपोआप’ चुकीचा आहे, हे कळायला विज्ञानाला शंभरेक वर्षं लागली. ती हकिगत इथे मांडतो आहे.

सूज चढते कशी, यावर फार जुन्या काळापासून लिहिलं गेलं. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्ससने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी दाहाची चार लक्षणं नोंदवली; आपल्याकडे आयुर्वेदात शोथाचा विचार आहेच. पण त्या सुजलेल्या जागी पेशी काय करतात, हे प्रत्यक्ष पाहिलं ते 1882 साली, आणि तेही गुलाबाच्याच काट्यामुळे. सिसिलीतल्या मेसिना गावी एली मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली ताऱ्यामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या न्याहाळत बसले होते. अंगणातल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते अळ्यांच्या अंगात टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीर परक्या वस्तूला गिळायला पेशी धाडतं, ही कल्पना तिथून आली. 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळालं.

(मेचनिकॉफ यांचं महाराष्ट्राशी एक नातं आहे, ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. ओडेसात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत स्वतःवर प्लेगची लस टोचून घेणारे ते हेच. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचं नाव आहे.)

मोठ्या भक्षक पेशी जंतूंनाच नव्हे, तर लढून थकलेल्या छोट्या भक्षक पेशींनाही गिळतात, हेही मेचनिकॉफ यांनी पाहिलं होतं. ही नोंद मात्र मागे पडली. पुढची अनेक दशकं संशोधकांचं लक्ष शत्रूवर, म्हणजे जंतू आणि त्यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) राहिलं. आपल्याच मेलेल्या सैनिकांचं काय होतं, याची विचारपूस फारशी झाली नाही.

खरं तर हा प्रश्न छोटा नव्हता. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टमध्ये ‘न्यूट्रोफिल’ अशी ओळ असते; त्या छोट्या भक्षक पेशी म्हणजे मुख्यतः हेच. या पेशी अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज तयार करते आणि त्यांचं आयुष्य अगदी थोडं असतं. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. जंतू मारायला लागणारी जहाल रसायनं त्यांच्या पोटात भरलेली असतात, आणि त्या रसायनांना जंतू आणि आपलं मांस यांतला फरक कळत नाही. मग हे कोट्यवधी न्यूट्रोफिल जागच्या जागी फुटत असतील, तर सुजलेलं बोट पूर्ववत होतंच कसं? बरीच वर्षं समज असा होता की ते तिथेच फुटून विरघळत असावेत.

पेशी न फुटताही मरू शकते, हे आधी पटावं लागलं. ब्रिस्बेनच्या जॉन केर यांनी 1960 च्या दशकात लंडनमध्ये उंदरांच्या यकृतावर काम करताना पाहिलं, की काही पेशी मरताना फुगत नाहीत, उलट आकसतात. त्यांचे छोटे छोटे बंद गोळे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात आणि आजूबाजूला दाहाचा मागमूसही नसतो. 1972 मध्ये केर, अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टर करी यांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. शब्द सुचवला अॅबर्डीनच्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी. त्याचा अर्थ पाकळ्या किंवा पानं गळणं.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हा शब्द लगेच उमगेल. ऑक्टोबर छाटणीच्या आधी इथ्रेल हे रसायन फवारून तो पानगळ करून घेतो. तेव्हा पान फाटून पडत नाही. देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर सुटा होतो आणि पान अलगद खाली येतं. काडीवर ओली जखम राहत नाही. फांदी मोडणं वेगळं आणि पान गळणं वेगळं. पेशींच्या बाबतीतही तेवढाच फरक आहे.

हे दोन धागे, मेचनिकॉफ यांची विसरलेली नोंद आणि केर यांची पानगळ, एकत्र आणण्याच्या कामात जॉन सॅव्हिल यांचं नाव ठळक आहे. ते मुळात किडनीचे डॉक्टर. किडनीचा दाह कुणाचा पूर्ण निवतो, कुणाच्या किडनीत कायमचे वण ठेवून जातो. त्यामुळे ‘दाह थांबतो कसा’ हा प्रश्न त्यांच्या वॉर्डातलाच होता. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात क्रिस हॅस्लेट आणि अमेरिकेतल्या डेन्व्हरचे पीटर हेन्सन यांच्यासोबत त्यांनी 1989 मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो ऐकायला साधा आहे. माणसाच्या रक्तातून न्यूट्रोफिल वेगळे काढले आणि नुसते ठेवून दिले. तासागणिक ते म्हातारे होत गेले, आकसले, अगदी केर यांनी वर्णन केल्यासारखे. मग त्यांना मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशींसमोर ठेवलं. मॅक्रोफेजनी ताजे न्यूट्रोफिल सोडून दिले आणि आकसलेले गिळले. न्यूट्रोफिल फुटायच्या आधी, पोटातलं विष सांडायच्या आधी उचलला जातो, हे त्यातून दिसलं. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच, कारण त्याने प्रश्नाची दिशाच फिरवली. पुढे सॅव्हिल नॉटिंगहॅमला आणि तिथून एडिंबरोला गेले, तिथल्या दाह संशोधन केंद्राची उभारणी केली आणि 2010 ते 2018 ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे प्रमुख राहिले.

मॅक्रोफेजला मरणारी पेशी ओळखू कशी येते, याचं एक मोठं उत्तर 1992 मध्ये डेन्व्हरहून आलं. व्हॅलरी फॅडॉक यांनी दाखवलं की फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध रेणू, जो जिवंत पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूला जपून ठेवते, तो मरताना बाहेरच्या बाजूला येतो. सदऱ्याचं अस्तर उलटून बाहेर यावं तसं. तीच खूण. 1998 मध्ये त्यांच्याच गटाने पुढचा आणि जास्त महत्त्वाचा भाग मांडला: अशी पेशी गिळलेला मॅक्रोफेज नुसता गप्प बसत नाही, तर दाह शमवणारे संदेश सोडू लागतो. म्हणजे सूज ओसरत नाही, ती उतरवली जाते. आणि उतरवण्याचा इशारा मेलेली पेशी मॅक्रोफेजच्या पोटात जाण्यातूनच मिळतो.

या क्रियेला 2003 मध्ये ‘इफेरोसायटोसिस’ हा शब्द मिळाला. त्यातल्या लॅटिन धातूचा अर्थ मृताला दफनासाठी नेणं. रामकुंडावर दहाव्याला, अस्थिविसर्जनाला जाऊन आलेल्या नाशिककराला ही निवड किती नेमकी आहे ते जाणवेल. मृताचं सगळं वेळेत आणि रीतसर झालं की घरातली माणसं पुन्हा कामाला लागतात. आपल्या शरीरात रोज सुमारे 330 अब्ज पेशी मरून त्यांच्या जागी नव्या येतात, असा 2021 मधला अंदाज आहे.

आणि हे वेळेत झालं नाही तर? त्याचं चित्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका लॅबमध्ये मी शिकाऊ होतो. एका तरुण मुलीचं रक्त आलं: गालांवर लाल चट्टे, सांधे धरलेले, केस गळत होते. तेव्हा अशा वेळी ‘एलई सेल’ तपासणी करत. रक्ताची गुठळी 37 अंशांवर ठेवायची, बारीक जाळीतून रगडायची, सेंट्रिफ्यूज करून पांढऱ्या थराचा स्मिअर काढायचा, लिशमन स्टेन द्यायचा. सर तासभर स्लाइड सरकवत होते. मग म्हणाले, "ये, बघ." एका न्यूट्रोफिलच्या पोटात जांभळट, एकसारखा, धुरकट गोळा होता आणि त्याचं स्वतःचं केंद्रक कडेला दाबलं गेलं होतं. तो गोळा म्हणजे दुसऱ्या, मेलेल्या पेशीचं केंद्रक. ल्युपसचं, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते त्या आजाराचं, निदान झालं. ही पेशी 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या माल्कम हारग्रेव्ह्ज यांनी वर्णिली होती; आता तिची जागा केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणाऱ्या एएनए तपासणीने घेतली आहे.

त्या गोळ्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. ल्युपसमध्ये शरीर आपल्याच केंद्रकातल्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पण डीएनए तर पेशीच्या आत बंद. तो उघड्यावर येतो कुठून? 1998 मध्ये हॅमरस्मिथच्याच मरीना बोत्तो आणि सहकाऱ्यांनी मृत पेशी उचलायला मदत करणारं सी-वन-क्यू हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यातल्या अनेकांना ल्युपससारखा आजार झाला आणि किडनीत न उचललेल्या मृत पेशींचे अवशेष साचलेले दिसले. 2004 मध्ये जपानच्या शिगेकाझु नागाता यांच्या गटाने मृत पेशी आणि मॅक्रोफेज यांना जोडणारं एक वेगळंच प्रथिन काढून टाकलं. तिथेही उंदरांत डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं तयार झाली. वेळेवर न उचललेलं प्रेत घरात राहावं, तसं हे.

ज्या 1948 मध्ये मेयो क्लिनिकमधून एलई पेशीचा शोध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी तिथेच फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं. तेव्हापासून स्टेरॉइडने सूज झपाट्याने उतरते हे डॉक्टर जाणतात. स्टेरॉइड अनेक वाटांनी काम करतं. त्यांतली एक वाट 1999 मध्ये सॅव्हिल यांच्या एडिंबरोतल्या गटाने उघड केली. स्टेरॉइड दिलेले मॅक्रोफेज मरणाऱ्या पेशी कितीतरी जास्त संख्येने गिळतात, आणि तेही दाह न भडकवता. लॅबमध्ये आलेल्या त्या मुलीला तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच सुरू केलं होतं. महिन्याभराने ती रक्त द्यायला पुन्हा लॅबमध्ये आली, तेव्हा गालांवरचे चट्टे फिके पडले होते आणि मुठीची बोटं पूर्ण मिटत होती.