दूरस्थ डेटा बॅकअप (ठाणे व नवी मुंबई)

दूरस्थ डेटा बॅकअप : ऑफिसच्या संगणकांवरील हिशेब, बिले, आराखडे आणि पत्रव्यवहार यांची प्रत इंटरनेटवरून दुसऱ्या जागी रोज ठेवण्याची आणि वेळ पडल्यास तिथून परत आणण्याची व्यवस्था. संगणक दुरुस्त करणारा, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स विकणारा आणि राउटर बसवून देणारा व्हेंडरच बहुधा ही सेवाही देतो. वागळे इस्टेटमधले सुटे भागांचे कारखाने, नौपाड्यातली सीएंची ऑफिसे, वाशीच्या एपीएमसीतले व्यापारी हे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक.

प्रत किती दूर ठेवायची, हा इथला मुख्य प्रश्न. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली अनेक मोठी डेटा सेंटर आहेत, त्यामुळे ठाण्यातल्या ऑफिसची प्रत खाडीपलीकडे ठेवणे सोयीचे वाटते. आग, चोरी किंवा गळक्या छतापासून तिचा बचाव होतोही. पण २६ जुलै २००५ च्या पावसाने खाडीचे दोन्ही काठ झोडपले आणि १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा वीजवाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई, ठाणे व नवी मुंबईची वीज एकदमच गेली. डेटा सेंटरला जनरेटर असतात, हे खरे. तरी दोन्ही प्रती एकाच पावसात आणि एकाच वीजजाळ्यावर ठेवू नयेत. एक महाप्यात असेल तर दुसरी पुण्याला किंवा हैदराबादला हवी. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले क्लाउड केंद्र २०१५ पासून, तर अ‍ॅमेझॉनचे हैदराबादमधले २०२२ पासून सुरू आहे. तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत बाहेर, हा जगभर रूढ असलेला ३-२-१ नियम इथेही पुरतो.

पहिली पूर्ण प्रत पाठवणे सर्वांत वेळखाऊ. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या अपलोडवर चढवायला सलग ५५ तासांहून अधिक लागतात. म्हणून ती हार्ड डिस्कवर घेऊन हातोहात पोचवली जाते. त्यानंतर रोज रात्री बदललेला भागच जातो. फाइलचे तुकडे पाडून फक्त बदललेले तुकडे पाठवणारे आरसिंक हे मोफत साधन १९९६ मध्ये आले. रेस्टिक आणि बोर्ग ही त्यानंतरची साधनेही मोफत असून ती प्रत कूटबद्धही करतात, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी करतात. टॅली चालू असताना तिचे फोल्डर कॉपी झाले, तर अर्धवट लिहिलेली प्रत साठते आणि उघडताना दगा देते, म्हणून वेळ टॅली बंद झाल्यानंतरची धरतात. महावितरणची देखभालीची कामे बहुधा शुक्रवारी निघतात. वीज नसल्याने हुकलेला बॅकअप वीज आल्यावर आपोआप सुरू होईल, अशी सोय ठेवावी लागते. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन मानतात. सीएंच्या ऑफिसांत नेमकी त्याच दिवशी कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

डेटा ऑफिसातून निघण्यापूर्वीच कूटबद्ध झाला पाहिजे, म्हणजे व्हेंडरच्या माणसालाही तो वाचता येत नाही. यात एक मेख आहे : पासवर्ड हरवला तर मालकालाही तो उघडत नाही. तो लिहून पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे, हा जुना उपाय अजूनही उत्तम.

संगणकाला कायम जोडलेली डिस्क किंवा गूगल ड्राइव्हसारख्या सेवेशी आपोआप जुळत राहणारे फोल्डर हा बॅकअप नव्हे. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, मूळ फाइल बिघडवली की तीच बिघडलेली फाइल तिकडेही पोचते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसच्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, तेव्हा न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातले त्याच समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. लॉगिनची माहिती सांभाळणारे मर्स्कचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे ते एकत्रच गेले. घानात वीज गेल्याने बंद पडलेला एक तेवढा वाचला. त्यामुळे ठरावीक मुदतीपर्यंत पुसता किंवा बदलता न येणारी प्रत आणि ऑफिसहून वेगळे लॉगिन, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत.

काटकसर करायची ती साठवणीत. जुनी वर्षे स्वस्त ‘थंड’ साठ्यात टाकता येतात, मात्र तिथून डेटा काढायला वेळ लागतो आणि वेगळे शुल्क पडते. दर विचारताना हा आकडाही विचारावा. कंपन्यांना हिशेब ८ वर्षे ठेवावे लागतात आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. भागीदारी पेढ्यांना कंपन्यांचे नियम लागू नाहीत, पण जीएसटीखाली नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने नोंदी जपणे भाग आहे.

करारात दर तिमाहीला एक जुना दिवस प्रत्यक्ष रिस्टोअर करून, म्हणजे प्रतीतून परत आणून, दाखवण्याची अट घालतात. टॅलीत त्या दिवसाची शिल्लक छापील कागदाशी ताडून पाहिली की काम झाले. ‘बॅकअप यशस्वी’ अशा रोजच्या ईमेलला तेवढे वजन नाही. सेवा सोडल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल आणि व्हेंडरकडची प्रत कधी पुसली जाईल, हेही करारातच लिहून घेतात, कारण थकलेल्या बिलावरून वाद झाला की पहिली अडवणूक डेटाची होते.